यंत्राचे सेकंद

ऑफिसात त्यांना चाळणवाले म्हणत. तोंडावर काका आणि पाठीमागे चाळणवाले, अशी रीत होती. पण नव्याने आलेली मंडळी तोंडावरसुद्धा तेच म्हणत, कारण त्यांना वाटे हे आडनावच आहे. एकाने तर मेलमध्ये ‘प्रिय चाळणवाले सर’ अशी सुरुवात केली होती. काकांनी ती दुरुस्त केली नाही. एवढी वर्षं काढल्यावर माणूस खऱ्या आडनावाचाही फारसा आग्रह धरत नाही.

कंपनी हॉस्पिटलांसाठी एक भलामोठा प्रोग्राम बनवायची. पेशंट आला की त्याचं नाव नोंदवायचं, जुनी फाइल उघडायची, कोणत्या डॉक्टरकडे पाठवायचं ते ठरवायचं, असली कामं. प्रोग्रामचा पसारा इतका वाढला होता की तो अथपासून इतिपर्यंत ठाऊक असलेला माणूस कंपनीत उरलाच नव्हता. जो तो आपापल्या कोपऱ्यात बसून थोडं जोडी, थोडं खोडी, आणि बाकीचं देवाच्या भरवशावर सोडी.

चाळणवाले त्या प्रोग्रामात स्वतः काही लिहीत नसत. इतरांनी लिहिलेलं तपासणारी दोन हत्यारं त्यांच्याकडे होती. पहिलं म्हणजे लिंटर. कुणीही नवं काही लिहिलं की ते मूळ प्रोग्रामात मिसळण्याआधी लिंटर वाचायचा आणि खडे दाखवायचा: हे नाव दोनदा आलंय, हे दार उघडं राहिलंय, हे कुणी वापरतच नाही. काकांनी पहिल्या दिवसापासून त्याला चाळण म्हटलं आणि तेच रूढ झालं. दुसरं हत्यार म्हणजे घड्याळ. प्रोग्रामची नवी आवृत्ती तयार झाली की ती आधीपेक्षा हळू तर झाली नाही ना, हे घड्याळ मोजून सांगे. सगळं ठीक असेल तर हिरवी खूण, नाहीतर लाल.

असल्या कामाचं कौतुक कुणी करत नाही, आणि मला त्याचा राग येतो. जेवताना दाताखाली खडा आला नाही म्हणून धान्य निवडणाऱ्या बाईचं नाव कुणी काढलंय? खडा लागला की मात्र आठवण होते. काकांच्या वाट्याला अशाच आठवणी यायच्या.

शिवाय चाळणीला एक पळवाटही होती. फार घाई असेल तर ओळीच्या वर लिहायचं, ‘चाळण, इथे गप्प बस,’ आणि पुढे कारण द्यायचं. की चाळण त्या ओळीकडे कानाडोळा करी. कारण बहुतेक सगळ्यांचं एकच असे: तात्पुरतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांतले कित्येक नोकरी सोडून गेले, काहींना नातवंडं झाली, एक तर देवाघरी गेले. त्यांचं तात्पुरतं मात्र अजून जागच्या जागी होतं. काकांच्या शेजारच्या खुर्चीवर एक दाढीवाला इंजिनीअर बसे. हुशार, हाताने वेगवान, आणि चाळणीला गप्प बसवण्यात सगळ्यांच्या पुढे.

“काका, दोन दिवसांत काढतो,” तो म्हणे.

“कोणत्या सालातले दोन दिवस?” काका विचारत.

काकांनी स्वतः ती ओळ जन्मात कधी लिहिली नव्हती. आपणच घडवलेल्या चाळणीला आपणच गप्प बस म्हणायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ही गोष्ट लक्षात असू द्या.

काकांची बायको एका मोठ्या हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर बसे. खिडकी चार, जुन्या पेशंटांची. ही खिडकी कुणाला नको असे. जुने पेशंट म्हणजे ऐकायला कमी येणारे, चष्मा घरी विसरलेले, एकच गोष्ट तीनदा सांगणारे. हिने मात्र ती मागून घेतली होती. तिचं माहेर बोलक्या माणसांचं; गप्प बसलेलं माणूस आजारी आहे असंच तिकडे समजत. आणि दैवाची थट्टा अशी, की तिच्यापुढचा संगणक नवऱ्याच्याच कंपनीचा प्रोग्राम चालवी.

संध्याकाळी ती घरी आली की चपला काढता काढता म्हणायची, “आज तुमचं चक्र फार फिरलं हो.”

चक्र म्हणजे पडद्यावर वाट बघायला लावणारं ते गोल गोल फिरणारं चिन्ह. ‘तुमचं’ अशा सुरात म्हणायची, जणू काका दिवसभर खाली बसून ते हाताने फिरवत होते.

“आमच्याकडे सगळं हिरवं आहे,” काका म्हणायचे.

“मग तुमच्या त्या हिरव्याला एकदा माझ्या खिडकीशी आणून बसवा.”

बरेच दिवस हे थट्टेवारी चाललं. मग एका संध्याकाळी ती काही न बोलता आत गेली, तोंड धुतलं आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली. रांगेतल्या कुणीतरी तिला चारचौघांत म्हटलं होतं, तुमच्यासारख्या बायकांना घरी बसवायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी काकांनी रजा टाकली आणि परवानगी काढून तिच्या मागे, फायलींच्या कपाटाला टेकून, एका स्टुलावर बसले.

काठी टेकत एक म्हातारी आली. हिने नंबर टाकला, कळ दाबली. चक्र फिरायला लागलं.

“मावशी, गुडघा काय म्हणतोय?”

“काय म्हणणार बाई. जिना चढताना शिव्या देतो.”

“आणि सून?”

“ती उतरताना देते.”

रांगेतले दोघेतिघे हसले. म्हातारीने सुनेची सगळी हकीकत सांगितली, हिने हं हं केलं, आणि हकीकत संपायला आणि फाइल उघडायला एकच गाठ पडली. पुढचे आजोबा आले. पुन्हा कळ, पुन्हा चक्र, पुन्हा “आजोबा, झोप लागते का आता?”

काका बघत राहिले. इतकी वर्षं त्यांना वाटे, हिला बोलायची हौस. हौस होतीच, पण त्या हौसेखाली ती रोज, माणसामागून माणूस, त्यांच्या कंपनीची अब्रू झाकत होती. चक्र फिरतंय हे म्हाताऱ्यांना कळूच देत नव्हती.

मागून एकजण ओरडला, “बाई, गप्पा घरी मारा! आमचा नंबर यायचाय की नाही?”

“सॉरी हं दादा, झालंच,” ती म्हणाली आणि मान खाली घालून पडद्याकडे बघत बसली. चक्र फिरतच होतं. काकांना इतकी लाज वाटली की त्यांनी दिवसभरात पुन्हा त्या पडद्याकडे पाहिलं नाही.

ऑफिसात परतल्यावर त्यांनी घड्याळ उकलायला घेतलं. घड्याळ खोटं बोलत नव्हतं. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला जात होता. नवी आवृत्ती ताडून बघायची ती फक्त तिच्या आधीच्या आवृत्तीशी. केसभर हळू असेल तर चालतं, असा नियम एका मीटिंगमध्ये ठरला होता, आणि तेव्हा काकांनीही मान डोलावली होती. म्हणजे दर वेळी केसभर हळू, दर वेळी हिरवी खूण, आणि ती हळू झालेली आवृत्तीच पुढच्या वेळचं माप. केस केस करता करता चांगली लांबलचक वेणी झाली होती आणि घड्याळ रोज इमानदारीने सांगत होतं की कालच्यापेक्षा काही वाढलेली नाही.

काकांनी माप एका जुन्या, वेगवान आवृत्तीला खिळ्याने ठोकल्यासारखं पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या भिंतीवरचा, घड्याळाच्या खुणा दाखवणारा पडदा डावीकडून उजवीकडे लालेलाल.

मॅनेजरला ऑफिसात हिरवे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण सकाळी आल्यापासून संध्याकाळी जाईपर्यंत तो एकच प्रश्न विचारी, “हिरवं आहे ना?” त्या दिवशी तो प्रश्न विचारायची सोय राहिली नव्हती.

“काका, काल काही मोडलंत का?”

“मोडलं नाही. मोजलं.”

“अहो, पण परवा रिलीज आहे, नवी आवृत्ती हॉस्पिटलांत जायचीय!”

“प्रोग्राम खरंच हळू झालाय साहेब. मी हॉस्पिटलात बसून बघून आलोय.”

“कुणाची लेखी तक्रार आहे?”

“खिडकीवरचं माणूस लेखी तक्रार कधी करणार? त्याच्यापुढे रांग असते.”

साहेबांनी कपाळ चोळलं. “हे बघा, तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण लाल चालणार नाही. तो खिळा काढा. आणि तुम्हाला खरंच मोजायचं असेल ना, तर तिथेच मोजा, खिडकीवर. आकडे घेऊन या. मी स्वतः वर दाखवतो.”

काकांनी खिळा काढला. पडदा हिरवा झाला. पण साहेबांचा शब्द त्यांनी गाठीला बांधला आणि कामाला लागले.

त्यांनी प्रत्येक खिडकीवरच्या प्रोग्रामात एक छोटं घड्याळ बसवलं. त्यात दोन रकाने होते. कळ दाबल्यापासून पडदा उघडेपर्यंतचे सेकंद पहिल्या रकान्यात, ते यंत्राचे. पडदा उघडल्यापासून पुढची कळ दाबेपर्यंतचे दुसऱ्यात, ते माणसाचे. इतकं साधं. आपण हे इतकी वर्षं का केलं नाही, असं त्यांना वाटत राहिलं. त्या दिवसांत ते घरी येताना शीळ घालत यायचे, आणि शीळ त्यांना अजिबात जमत नसे.

हॉस्पिटलात ते बसवल्यावर काही आठवड्यांनी काकांनी बायकोला आकडे दाखवायला लॅपटॉप घरी आणला. ती पदराला हात पुसत आली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

“ही तुझी खिडकी. हे यंत्राचे सेकंद. बघ, सगळ्यांत जास्त. जुन्या पेशंटांच्या फायली जाड असतात ना, त्या उघडायलाच वेळ जातो.”

“आणि हे?”

“हे तुझे. माणसाचे.”

“म्हणजे मी हळू नाही?”

“तू? तुझे सगळ्या खिडक्यांत कमी आहेत.”

ती वाकून आकडा वाचायला लागली. मग म्हणाली, “पुन्हा सांगा.”

काकांनी पुन्हा सांगितलं. लोकांच्या टोमण्यांना हसून उत्तर देणारी ही बाई मनातून स्वतःलाच हळू समजत होती, आणि आपल्याला कधी कळलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

त्याच सुमारास चाळणीचं एक मोठं काम त्यांच्या हातून पार पडलं. आतापर्यंत चाळण नुसते खडे दाखवायची, काढायचं काम ज्याचं त्याने करायचं, म्हणजे कुणीच करायचं नाही. काकांनी तिला स्वतः काढायला शिकवलं. नियम असा: प्रोग्रामात जे मोजलं जातं, साठवलं जातं, पण पुढे कुठेच वाचलं जात नाही, ते रोज सकाळी ऑफिस उघडण्याआधी चाळणीने आपण होऊन काढून टाकायचं. कुणाला विचारायची गरज नाही, कारण जे कोणी वाचतच नाही ते गेल्याने कुणाचं काय बिघडणार? हा मुद्दा मीटिंगमध्ये काकांनीच मांडला होता, आणि इतका चोख मांडला होता की कुणी हूं का चूं केलं नाही. ‘गप्प बस’ लिहिलेल्या ओळी तेवढ्या सोडायच्या. आणि जे काढलं त्याखाली चाळण आपोआप एक वाक्य लिही, तेही काकांचंच: ‘कोणी वाचत नाही, म्हणून काढले.’

वर्षानुवर्षांचा गाळ उपसला गेला. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, काकांचा फोटो दिवसभर भिंतीवरच्या पडद्यावर झळकला. फोटोत ते पासपोर्ट काढायला बसल्यासारखे दिसत होते.

इकडे खिडक्यांचे आकडे साहेबांनी शब्द दिल्याप्रमाणे वर दाखवले. वरच्यांना ते फार आवडले. इतके आवडले की त्यांनी त्याचा एक देखणा रिपोर्ट करून हॉस्पिटलांना विकायचं ठरवलं: कोणती खिडकी किती वेगाने काम करते. नमुना बघायला काकांना बोलावलं. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

“साहेब, यंत्राचे सेकंद कुठे गेले?”

“काका, गिऱ्हाईकाच्या हातात आपणच काठी द्यायची का? एकच आकडा ठेवलाय, एका कळेपासून पुढच्या कळेपर्यंत सरळ मोजलेला एकूण. सुटसुटीत.”

“पण मग आपला उशीरही त्या बिचाऱ्या माणसाच्या नावावर जाईल.”

“नाव कुठंय? खिडकीचा नंबर आहे.”

“खिडकीवर माणूसच बसतं ना?”

“तुम्ही उगाच जिवाला लावून घेता. यंत्राचे सेकंद मी काढलेले नाहीत. फक्त दाखवत नाही. आत मोजणं चालूच आहे. कधी लागले तर आहेतच की.”

मोजणं चालूच आहे म्हटल्यावर काकांचा जीव भांड्यात पडला. नाही दाखवले तर नाही. गरज पडली तर काढून दाखवता येतील. ते जागेवर जाऊन कामाला लागले. हा धंदा ज्याला ठाऊक आहे त्याच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. काकांच्या आलं नाही. आपल्या कामात माणूस इतका बुडालेला असतो की त्याच कामाची सावली आपल्यावर पडलीय, हे त्याला दिसत नाही.

काही महिन्यांनी हॉस्पिटलात सूचना लागली. नोंदणीसाठी दारात यंत्रं बसणार, पेशंटांनी आपली नोंद आपण करायची, खिडक्या कमी होणार. रिपोर्टात सगळ्यांत हळू दिसलेल्या खिडक्या आधी बंद, आणि तिथल्या माणसांची बदली तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत. यादीत पहिला नंबर खिडकी चारचा होता. कुणाला काही म्हणायचं असेल तर सोमवारी अधीक्षकांना भेटून सांगावं.

“तळघरात कोण असतं हो बोलायला?” बायकोने विचारलं. तिने आवाज साधा ठेवला होता, पण हातातली वाटी खाली ठेवायची विसरली होती.

“तू कशाला तळघरात जातेस? यंत्राचे सेकंद आहेत आपल्याकडे. छापून देतो. ते समोर ठेव आणि गप्प बस.”

“गप्पच बसतेय,” ती म्हणाली. “महिना झाला. पहिला रिपोर्ट आल्यापासून पेशंटांशी एक अक्षर बोलत नाही मी. म्हटलं, आकडा सुधारेल.”

“मग?”

“सुधारला नाही. म्हातारी माणसं विचारतात, बाई, राग आला का? मी पडद्याकडे बघत बसते.”

हे तिने त्यांना आजवर सांगितलं नव्हतं. काकांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यांनी आकड्यांचा साठा उघडला. एकूण सेकंद होते. यंत्राच्या आणि माणसाच्या सेकंदांचे रकानेच नव्हते. त्यांनी पुन्हा उघडला. चष्मा काढून पुसला, पुन्हा उघडला. जागा पुरावी म्हणून साठ्यात थोड्याच आठवड्यांचं ठेवायचं आणि जुनं पुसत जायचं, अशी पद्धत होती. त्यामुळे सुरुवातीचे आकडेही केव्हाच पुसले गेले होते.

“अरे, जरा बघ रे,” त्यांनी दाढीवाल्याला हाक मारली. “कुणीतरी माझं मोजणं काढून टाकलंय.”

दाढीवाल्याने खुर्ची सरकवली आणि प्रोग्रामातल्या बदलांचा इतिहास चाळायला घेतला. त्याची बोटं थांबली.

“काका, कुणी माणसाने नाही काढलं.”

काकांनी वाकून वाचलं. रिपोर्टातून ते रकाने गेले, त्याच्या दुसऱ्याच सकाळची नोंद होती. काढणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं, चाळण. खाली त्यांचंच वाक्य होतं: कोणी वाचत नाही, म्हणून काढले.

चाळणीची काहीच चूक नव्हती. रिपोर्टात ते सेकंद दाखवायचे नाहीत असं ठरल्यावर त्यांना वाचणारं प्रोग्रामात कोणीच उरलं नव्हतं, आणि काकांनी तर तिला तेच शिकवलं होतं. शिकवलेलं इतकं नीट लक्षात ठेवणारं त्या ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं.

ते साहेबांकडे गेले. मोजणं आजच्या आज परत घालून हॉस्पिटलात बसवू या म्हणाले.

“आजच्या आज कसं होईल? पुढच्या रिलीजमध्ये घ्या. मग त्यांचे लोक तपासणार, मग बसवणार.” साहेब जरा थांबले. “काका, तुमच्या मिसेस तिथेच आहेत ना?”

“हो.”

“मग तर तुम्ही यात पडूच नका. माझं ऐका. उद्या कोणी म्हणेल, नवऱ्याने आकडे फिरवले. तिलाच जड जाईल.”

साहेब आपल्या भल्याचंच सांगतायत, असं काकांना क्षणभर वाटलं, आणि ते वाटल्याचा नंतर संताप आला.

घरी ती भाजी निवडत बसली होती. त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

“सेकंद नाहीत. गेले.”

“कुणी घालवले?”

“मीच. म्हणजे माझ्या चाळणीने. जे कोणी वाचत नाही ते काढून टाकते ती.”

तिने मान वर केली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “वाचायला मी होते की.”

सोमवारी काका तिच्याबरोबर गेले आणि अधीक्षकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. दार नीट लागत नव्हतं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

“बाई, तुमच्याबद्दल कुणाची तक्रार नाही,” अधीक्षक म्हणत होते. “उलट लोक नाव काढतात. पण हा आकडा बघा.”

“साहेब, तो वेळ यंत्राचा आहे. फाइल उघडायला लागतो.”

“असं सगळेच म्हणतात.”

“मग तुम्ही तासभर येऊन बसा माझ्या खिडकीशी. डोळ्यांनी बघा.”

“मी बसून काय मोजणार? त्याचसाठी तर ही सिस्टीम घेतली.”

आत खुर्ची सरकली. मग तिचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा वरचा. “लोक म्हणतात मी गप्पा मारते म्हणून उशीर होतो. महिनाभर मी तोंड उघडलेलं नाही. तरी आकडा तोच आहे. तो हलला का, तुम्हीच बघा.”

कळा दाबल्याचा आवाज आला. अधीक्षक खरंच बघत होते. काका बाकावर ताठ बसले. हे आपल्याला कसं सुचलं नाही? साधा, सरळ, बिनतोड पुरावा होता.

“हो की,” अधीक्षक म्हणाले. “जराही हललेला नाही. म्हणजे बोलण्याचा प्रश्न नव्हताच.”

“नव्हताच, साहेब.”

“मग बाई, हातच मंदावलाय तुमचा. मनाला लावून घेऊ नका. वय कुणाला चुकलंय? माझंही झालंय.”

काका उठून उभे राहिले. दार हाताच्या अंतरावर होतं. आत जाऊन ओरडावं, ती खोटं बोलत नाही, हे सगळं मी केलंय, असं त्यांच्या ओठांवर आलं. नवऱ्याने आकडे फिरवले, हे साहेबांचं वाक्य आठवलं आणि ते पुन्हा खाली बसले. ते बसले याबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि आत गेले असते तरी काही झालं असतं असं मला वाटत नाही.

तिची तळघरात बदली झाली. तिथे फायलींच्या मांडण्या होत्या, वर एक दिवा होता, आणि दिवसातून दोनतीनदा कुणी फाइल मागायला येई तेवढाच माणसाचा आवाज. संगणक नव्हता. संध्याकाळी चपला काढताना ती काही म्हणत नसे. काका वाट बघत, ‘तुमचं चक्र’ कधी येतं म्हणून. ते आलं नाही.

पुढच्या रिलीजमध्ये त्यांनी यंत्राचे आणि माणसाचे सेकंद परत बसवले. रिपोर्टात ते अजूनही दाखवायचे नव्हते. तेव्हा चाळण दुसऱ्या सकाळी पुन्हा काढणार, हे उघड होतं. काकांनी त्या ओळीच्या वर, नोकरीत पहिल्यांदाच, लिहिलं: चाळण, इथे गप्प बस. पुढे कारण द्यावं लागतं. त्यांनी बराच विचार केला. खरं कारण एका ओळीत मावेना. शेवटी त्यांनी लिहिलं, तात्पुरतं. शेजारून दाढीवाल्याने पाहिलं, आणि थट्टा करायची सोडून तो पाणी आणायला गेला.

तेव्हापासून काका रोज सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या आधी ते रकाने उघडतात. कोणी वाचत नाही असं पुन्हा कुणी म्हणू नये म्हणून. बाकीच्या खिडक्यांचे आकडे केसाकेसाने वाढतायत. ते साहेबांना सांगतात, साहेब हो म्हणतात.

एके दिवशी संध्याकाळी, बऱ्याच महिन्यांनी, बायकोने आपण होऊन विचारलं, “माझ्या खिडकीचं काय दाखवतंय हो आता?”

काकांच्या डोळ्यांपुढे ती ओळ आली. खिडकी चार. बंद खिडकीवर कुणी कळ दाबत नाही, म्हणून यंत्राचे सेकंद शून्य, माणसाचे सेकंद शून्य, आणि शून्य सगळ्यांत कमी, म्हणून शेजारी खूण.

“हिरवं,” ते म्हणाले.

“बरं झालं,” ती म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.